लहान कारखान्याचें दप्तर : जालना औद्योगिक क्षेत्रांतील नित्य कागदांचें वाचन

१. प्रस्तावना

इतिहासाचें साधन म्हटलें म्हणजे आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढें ताम्रपट, सनद, महजर, शकावली किंवा दप्तरांतील एखादा रुमाल उभा राहतो. तें योग्यच आहे. परंतु ज्या रुमालांस आज आपण जिवापाड जपतों ते बांधणाऱ्यांस आपण इतिहासाचीं साधनें सिद्ध करीत आहों, अशी कल्पनाहि नव्हती. कारकुनानें कीर्द लिहिली ती सायंकाळीं शिल्लक जुळावी म्हणून. हजिरी मांडली ती रोजमुरा चुकता करितां यावा म्हणून. नित्याच्या गरजेनें लिहिलेला आणि गरज सरतांच अडगळींत पडलेला कागद हाच पुढें निःपक्षपाती साक्षीदार ठरतो, हा आपल्या शास्त्राचा सर्वमान्य सिद्धांत होय. राजवाडे यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, तेव्हांपासून हा सिद्धांत आपण मागील शतकांस लावीत आलों आहों. आपल्या डोळ्यांदेखत चाललेल्या व्यवहारास तोच लाविला तर काय हातीं येतें, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

त्यासाठीं जालना येथील औद्योगिक क्षेत्रांतील एक लहानसा कारखाना आम्हीं निवडला. त्याचा चालक आमचा जुना विद्यार्थी आहे. त्याच्या अनुमतीनें एका वर्षाचे कागद आम्हीं ओळीनें वाचले, व कागदांवरून जें उमगलें नाहीं तें शेडमध्यें बसून पाहिलें आणि विचारून घेतलें. त्याचें, त्याच्या कामगारांचें किंवा गिऱ्हाइकांचें नांव येथें दिलेलें नाहीं. त्याचें कारण शेवटच्या कलमांत सांगितलें आहे.

२. स्थळ व शब्द

कुंडलिका नदीच्या एका तीरास जालना व दुसऱ्या तीरास कादराबाद, अशी ही जुनी पेठ. १६७९ सालीं शिवछत्रपतींच्या सैन्यानें ती लुटली, ही गोष्ट वाचकांस ठाऊकच आहे. लुटण्याजोगी संपत्ति होती त्याअर्थीं ती निर्माण करणारे हातहि तेथें होते. परंतु विणकराची किंवा लोहाराची दिवसाची मजुरी लिहून ठेवण्याचें लुटीचा वृत्तांत लिहिणाऱ्यांस कारणच नव्हतें. पुढें दीर्घकाल निजामी अंमल होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तो संपला. १ मे १९८१ रोजीं औरंगाबाद, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगर, जिल्ह्यांतून जालना हा स्वतंत्र जिल्हा निघाला.

आजचें जालना दोन गोष्टींसाठीं प्रसिद्ध आहे : बियाणें आणि लोखंडी सळई. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापिली, आणि त्या धंद्याचा विस्तार झाला. सळईचे कारखाने भंगार व स्पंज आयर्न विजेच्या भट्टींत वितळवून लगडी ओततात, आणि त्या तापवून रोलांमधून दाबून काढितात. या दोन मोठ्या धंद्यांच्या सांवलींत शेंकडों किरकोळ कामें चालतात. झिजलेला रोल पुन्हां कांतणें, तुटलेला दांडा जोडणें, चाळणीयंत्राचा बुश बसविणें, पेरणीयंत्राचे भाग घडविणें, हें काम लहान शेडचें. तिची जमीन महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची असते. हें महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें व तें भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्यानें देतें. ताम्रपटांतील दान आचंद्रार्क असे. येथील हक्कास वर्षांची मोजदाद आहे, हा भेद संग्राहकांनीं पट्टा वाचतांना ध्यानांत घ्यावा.

‘कारखाना’ या शब्दाचा इतिहासहि येथें आठवावा. शिवकालीन राज्यव्यवहारकोशांत त्यास ‘कार्यस्थान’ हा प्रतिशब्द योजून एक स्वतंत्र वर्ग केला आहे, आणि ‘लेखनवर्ग’ निराळा दिला आहे. अठरा कारखान्यांच्या प्रचलित यादींत तोफखाना, जामदारखाना यांच्या पंक्तीस दफ्तरखानाहि बसतो. म्हणजे वस्तु सिद्ध करणें व सांभाळणें आणि तिची नोंद सांभाळणें, हीं दोन्ही कामें तेव्हां एकाच जातीचीं मानिलीं जात. लहान शेडमध्यें आजहि तसेंच आहे. एकच मनुष्य सकाळीं यंत्रास तेल घालतो व रात्रीं वही लिहितो.

यंत्राच्या नांवांत तर तीन थर दिसतात. लोखंड फिरतें ठेवून हत्यारानें सोलणाऱ्या यंत्रास कामगार ‘लेथ’ म्हणतात. जुने लोक ‘खराद’ म्हणत, तो शब्द फारसीकडून आलेला. आणि त्याहून जुना आपला ‘कातारी’ हा शब्द औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या मराठी कागदांत टर्नर या धंद्याचें नांव म्हणून अद्याप जिवंत आहे. त्याच कागदांत फिटर हा ‘जोडारी’ होतो. शेडमध्यें मात्र आपणांस कातारी म्हणवून घेणारा एकहि मनुष्य आम्हांस आढळला नाहीं.

३. सकाळ : हजेरी

दिवस शटर वर करण्यानें सुरू होतो. चालक देवाच्या तसबिरीपुढें उदबत्ती लावितो, वीज तिन्ही फेजांवर आहे कीं नाहीं हें पाहतो, आणि हजेरीची वही उघडतो. पुस्तक साधें, बाजारांत मिळणारें. आडव्या ओळींत नांवें, उभ्या रकान्यांत तारखा. हजर असल्यास ‘ह’, नसल्यास ‘गै’, अर्धा दिवस असल्यास मध्यें तिरकी रेघ. रात्रीं थांबल्यास घरांत वरच्या कोपऱ्यास तासांचा आंकडा. या शेडमध्यें एक टर्नर, एक फिटर, एक वेल्डर व दोन हेल्पर अशीं पांच माणसें आहेत. शेवटच्या रकान्यांत ‘उचल’ मांडिली जाते.

हा उचलीचा रकाना बारकाईनें वाचावा. जून महिन्यांत शाळा उघडतांना उचल वाढते, मृगाच्या पावसापूर्वीं बियाणें व खत घेण्यासाठीं वाढते, कारण कामगारांपैकीं ज्यांची दोन-चार एकर कोरडवाहू जमीन आहे ते अद्याप शेतकरीहि आहेत, दिवाळींत वाढते. कापूस वेंचणीच्या दिवसांत ‘गै’ अधिक दिसतात. गांवचा लोहार बलुतें घेऊन वर्षभर काम करी व त्याचा हिशेब खळ्यावर होई. तो आतां शेडमध्यें महिन्याचा पगार घेतो, पण त्याचें वर्ष अजून शेताच्याच मितीनें चालतें. हें आमचें अनुमान नाहीं; वहींत तें उघड दिसतें.

हजेरीचें दुसरें मोल याहून गंभीर आहे. ८ मे २०२० रोजीं पहाटे करमाडजवळ लोहमार्गावर विसांव्यास टेकलेले १६ मजूर मालगाडीखालीं सांपडून मृत्यु पावले. ते जालन्यांतील एका पोलाद कारखान्यांत काम करीत असत. टाळेबंदींत काम थांबल्यानें मध्य प्रदेशांतील शहडोल व उमरिया या जिल्ह्यांतील आपल्या गांवीं जाण्यासाठीं ते रुळांच्या कडेनें पायीं निघाले होते. त्यांच्या मृत्यूची नोंद शासनाच्या कागदांत व वर्तमानपत्रांत झाली. परंतु अशा माणसाच्या कामाची, म्हणजे तो कोणत्या तारखेस आला, किती रात्री भट्टीपाशीं उभा राहिला, उचल किती घेऊन किती फेडली, याची नोंद हजेरीवांचून अन्यत्र होत नसते. मरणाचा कागद सरकार जपतें; जगण्याचा कागद ठेकेदाराच्या खणांत असतो. संशोधकानें यांपैकीं कोणत्या कागदाची अधिक काळजी वाहावी, हें निराळें सांगावयास नको.

४. चलन

हजेरीनंतर माल येतो. सळईच्या कारखान्यांतून झिजलेला रोल टेम्पोंत घालून पाठवितात, आणि त्यासोबत एक चलन येतें. वस्तु व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याच्या नियमांप्रमाणें चलनाच्या तीन प्रती काढावयाच्या असतात : मूळ प्रत माल घेणाऱ्याची, दुसरी वाहतूक करणाऱ्याची, तिसरी पाठविणाऱ्याची. माल विक्रीचा नसून ‘जॉबवर्क’साठीं आहे, असें त्यावर लिहिलेलें असतें. असा माल एका वर्षाच्या आंत परत गेला पाहिजे. न गेल्यास कायदा ती विक्री समजतो. म्हणून शेडमध्यें आलेल्या प्रत्येक चलनास परत पाठवणीचें चलन जोडून, दोन्हींवर तांबड्या शाईनें बरोबरची खूण करितात. पेशवाईंतील कारकून हिशेब पडताळून ‘रुजू’ करी, त्याचीच ही आजची खूण होय.

एका वर्षाचीं चलनें तारखेप्रमाणें लाविलीं असतां गांवाच्या उद्योगाची नाडी हातीं लागते. चैत्र-वैशाखांत बियाणें स्वच्छ करणाऱ्या यंत्रांचीं कामें येतात, कारण मृगापूर्वीं पिशव्या बाजारांत पोंचल्या पाहिजेत. पावसाळ्यांत बांधकाम मंदावतें, सळईची मागणी उतरते, आणि रोलांचीं चलनें विरळ होतात. दिवाळीनंतर सरकी काढण्याच्या कारखान्यांचे दांडे व बेअरिंगें येऊं लागतात. चलनाच्या कोपऱ्यांत कधीं कधीं हातानें ‘मिल उभी आहे’ असें लिहिलेलें असतें. याचा अर्थ काम थांबल्यामुळें मिल चालत नाहीं, रात्रीं बसून रोल द्या. त्या तारखेस हजेरींतील टर्नरच्या घरांत तासांचा आंकडा सांपडतो. दोन निरनिराळे कागद एकमेकांस असे पुष्टि देतात, तेव्हां त्यांचें प्रामाण्य वाढतें, हें आपल्या वाचकांस नव्यानें सांगण्याची गरज नाहीं.

नाणकशास्त्राची आवड असणाऱ्यांनीं रोल स्वतः पाहावा. सळईवर उठणारें नांव व आडव्या कडा रोलाच्या खांचेंत उलट्या कोरलेल्या असतात. रोलाच्या प्रत्येक फेऱ्यास तें नांव तप्त लोखंडावर सुलटें उमटतें. टांकसाळींतील छापाचें तत्त्व हेंच. फरक इतकाच कीं, छाप झिजला म्हणजे तो मोडीत जाई. रोल झिजला म्हणजे त्याची झिजलेली खांच कांतून पुन्हां वापरतात, आणि मागील अक्षरें किसाच्या रूपानें जमिनीवर पडतात.

५. फळा आणि मापांची वही

कोणतें काम आज कोणीं करावयाचें, हें चालक भिंतीवरील काळ्या फळ्यावर खडूनें लिहितो. वीज गेली तर किती वाजतां गेली व किती वाजतां आली तेंहि तेथेंच लिहितो. रात्रीं फळा पुसला जातो. म्हणजे या दप्तरांतील सर्वांत खरा कागद रोज नाहींसा होतो. आमच्या सूचनेवरून आतां त्याचें दररोज मोबाईलवर छायाचित्र घेऊन ठेवितात.

मोजमापें मात्र एका लांबट वहींत जातात. तेलाच्या बोटांनीं पानें कडेला पारदर्शक झालेलीं, पेन्सिलीनें काढलेलीं लहान रेखाचित्रें, आणि आंकडे. येथें वाचकानें सावध राहिलें पाहिजे, कारण एकाच पानावर मापनाच्या तीन रीति नांदतात. नकाशावरून घेतलेलें माप मिलिमीटरांत असतें. बारीक जुळणी ‘थाऊ’मध्यें, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत, लिहितात, ‘दोन थाऊ टाईट’ याचा अर्थ दांडा भोकापेक्षां ०.०५ मिलिमीटर जाड ठेवून दाबून बसवावयाचा. तिसरी रीति ‘सुता’ची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. दशमान मापांचा कायदा १९५६ सालचा व त्याचा अंमल १९५८ पासूनचा. तरी सूत गेलेलें नाहीं.

आतां यांतील अडचण पाहावी. बोल्टाच्या संबंधानें ‘४ सूत’ लिहिलें असेल तर तो अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. परंतु सळईच्या संबंधानें ‘४ सूत’ म्हणजे व्यापारी संकेतानें १२ मिलिमीटरची सळई. त्याचप्रमाणें अडीच सूत ८ ची, तीन सूत १० ची, पांच सूत १६ ची, सहा सूत २० ची आणि आठ सूत २५ ची. हा संकेत पिढीजात ज्ञानानें चालतो. वहींत तो कोठेंहि लिहिलेला नाहीं. शंभर वर्षांनीं ही वही हातीं घेणारा संशोधक पायली, खंडी व बिघा यांच्या प्रांतोप्रांतीच्या फरकांनीं आज आपण जसे अडतों, तसाच या सुतापाशीं अडेल. म्हणून वहीसोबत तिची किल्लीहि जपली पाहिजे.

अशीच एक किल्ली वजनाची. सळईचा व्यास मिलिमीटरांत घेऊन त्याचा वर्ग करावा व १६२ नें भागावें, म्हणजे एका मीटरचें वजन किलोंत येतें. १२ ची सळई घेतली तर १४४ भागिले १६२, म्हणजे सुमारें ०.८८९ किलो. पोलादाचें वजन घनमीटरास ७८५० किलो धरून वर्तुळाच्या क्षेत्रफळानें गुणिलें असतां हाच भाजक निघतो. हेल्परास क्षेत्रफळाचें सूत्र ठाऊक नसतें, १६२ ठाऊक असतो. लीलावतींत भास्कराचार्यांनीं परिघासाठीं ३९२७ भागिले १२५० हें सूक्ष्म व २२ भागिले ७ हें व्यवहारास योग्य स्थूल मान दिलें आहे; शेडमधील १६२ हा त्याच स्थूल मानाच्या कुळांतला आहे.

६. कीस

सायंकाळीं यंत्राखालचा कीस झाडून गोणींत भरतात. पोलादाचा कीस निराळा, बिडाचा निराळा, पितळेचा तर कुलुपांत. महिन्याच्या अखेरीस भंगारवाला येतो, वजनकांट्यावर गोण्या चढतात व कांटापावती होते. तो माल पुढें भट्टींत जातो. म्हणजे ज्या सळईसाठीं हा रोल कांतला, त्याच सळईच्या पुढच्या ओतांत या शेडमधील पोलादाचा कीस मिसळणें सहज शक्य आहे.

पुरातत्त्वाच्या दृष्टीनें ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. याच जिल्ह्यांत केळना नदीवर भोकरदन आहे. तेंच प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांचीं नांवें सांची व भारहूत येथील दानलेखांत आढळतात. १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांच्या वतीनें डॉ. शां. भा. देव व डॉ. र. शं. गुप्ते यांनीं तेथें उत्खनन केलें. त्यांत मणी निघाले आणि हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग निघाला. १९३८ सालीं पाँपेई येथें सांपडलेल्या हस्तिदंती मूर्तीशीं त्याचें साम्य विद्वानांनीं दाखविलें आहे, आणि पाँपेई तर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गेलें. भोगवर्धनच्या कारागिरांची कीर्द आपल्याजवळ नाहीं. मातींत राहिलें त्यावरूनच आपण त्यांना ओळखतों.

जालन्याची शेड अशी ओळखतां येणार नाहीं. तिचा कचरा त्याच महिन्यांत वितळतो. झिजलेलें यंत्रहि शेवटीं भट्टींतच जातें. पत्र्याचा आडोसा व लोखंडी कैच्याहि विकल्या जातात. मागें उरतो सिमेंटचा ओटा आणि बोल्टांचीं चार भोकें. ज्या धंद्याचा कचराहि मागें उरत नाहीं त्याचा इतिहास केवळ कागदावर अवलंबून असतो.

७. कीर्द आणि येणें

रोख व्यवहाराची कीर्द चालक स्वतः लिहितो. कराचें काम करणारा गृहस्थ महिन्यांतून एकदां येऊन तीवरून संगणकांत नोंदी करितो. दिवाळींत लक्ष्मीपूजनास नवी लाल वही आणून तिच्यावर स्वस्तिक काढितात, आणि वर्ष मात्र १ एप्रिलला बदलतें. १७ सप्टेंबरला उत्तरेकडील कामगार विश्वकर्म्याची पूजा करितात, त्याच दिवशीं गांवांत मराठवाडा मुक्तिसंग्रामाचें झेंडावंदन असतें. खंडेनवमीस मराठी कामगार लेथला झेंडूची माळ घालतात. या तिन्ही दिवसांचा नारळ, पेढे व फुलें यांचा खर्च कीर्दींत ‘पूजा’ याच एका सदरांत पडतो.

कीर्दींतील मुख्य दुःख ‘येणें’ या पानावर आहे. विजेच्या देयकास तारीख असते, पगारास तारीख असते, बँकेच्या हप्त्यास तारीख असते. गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या पैशास ती नसते. सूक्ष्म व लघु उद्योगांचें देणें फार तर ४५ दिवसांत द्यावें, न दिल्यास चक्रवाढ व्याज द्यावें, असें २००६ च्या कायद्यानें ठरविलें आहे. तथापि व्याज मागितल्याचें एकहि पत्र आम्हांस या दप्तरांत मिळालें नाहीं. विचारितां, ‘व्याज मागितलें तर पुढचा रोल दुसऱ्या शेडमध्यें जातो’, इतकेंच उत्तर मिळालें. कायदा काय होता हें भावी संशोधकास छापील पुस्तकांत सांपडेल. तो कां वापरला गेला नाहीं, हें अशा दप्तरांतील न लिहिलेल्या पत्रावरूनच कळेल.

येथें नाशिकच्या पांडव लेण्यांतील एक लेख आठवतो. नहपानाचा जांवई उषवदात यानें इ. स. च्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांत गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, दोन निकायांकडे ३००० कार्षापण कायमचे ठेविले : २००० दरमहा शेंकडा एक दरानें व १००० दरमहा शेंकडा पाऊण दरानें. पहिल्या रकमेचें वर्षाचें व्याज २४० होतें, व त्यांतून वर्षावासांत राहणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ प्रमाणें वस्त्रांचे द्यावयाचे होते. हिशेब बिनचूक जुळतो. त्या काळीं राजकुलांतील पुरुष आपलें अक्षय धन कारागिरांच्या स्वाधीन करी, इतकी त्यांची पत होती. आज कारागीर आपलें घर तारण ठेवून बँकेकडे जातो. त्याच लेखांत असेंहि म्हटलें आहे कीं, हा व्यवहार निगमसभेंत ऐकविला व फलकावर नोंदविला. आपला ‘फळा’ हा शब्द त्याच ‘फलका’चा वंशज. तो लांकडी फलक नाहींसा झाला. डोंगरावर कोरलें म्हणून व्यवहार कळला. जालन्याच्या शेडपाशीं डोंगर नाहीं.

८. या दप्तराचें आयुष्य

वस्तु व सेवा कराच्या कायद्याप्रमाणें हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. त्यानंतर ते ठेवण्याची सक्ति नाहीं, आणि लहान शेडमध्यें जागाहि नाहीं. २०१७-१८ या पहिल्या वर्षाच्या विवरणपत्राची मुदत वाढत वाढत फेब्रुवारी २०२० पर्यंत गेली होती. त्या हिशेबानें त्या वर्षाचे कागद फेब्रुवारी २०२६ मध्यें मोकळे होतात, आणि पुढें दरवर्षीं एकेक वर्ष मोकळें होत जाणार. मोकळें होणें म्हणजे रद्दींत जाणें. कायद्यानें घातलेली ही मुदत संग्राहकानें आपल्या पंचांगांत मांडून ठेवावी.

कांहीं कागद तितकेहि जगत नाहींत. कांटापावती उष्णतेनें उमटणाऱ्या कागदावर छापतात. उन्हाळ्यांतील पत्र्याच्या शेडमध्यें ती थोड्याच वर्षांत कोरी होते. जुन्या पोथ्यांत शाईनें कागद खाल्लेला आपण पाहतों. येथें कागद राहतो आणि अक्षर उडतें. कामाच्या मागण्या आतां बहुधा मोबाईलवर, अनेकदां आवाजी निरोपानें, येतात. मोबाईल बदलला कीं त्या गेल्या. उलटपक्षीं निव्वळ दुर्लक्षानेंहि कांहीं वांचतें. शेडच्या मागील भिंतीस तारेवर ओंवलेल्या जुन्या पावत्यांत आम्हांस २०१२-१३ च्या अवर्षणांतील पाण्याच्या टँकरांच्या पावत्या मिळाल्या. त्या वर्षीं जालन्यास पाण्याचें किती दुर्भिक्ष होतें हें सर्वश्रुत आहे; एका पांच माणसांच्या शेडनें तें कसें सोसलें, हें त्या तारेनें सांगितलें.

९. संग्राहकांस सूचना

शेवटीं चार गोष्टी सुचवितों. पहिली : अनेक ठिकाणचे सुटे नमुने गोळा करण्यापेक्षां एकाच शेडचें एक संपूर्ण वर्ष मिळवावें. हजेरी, चलनें, मापांची वही, कीर्द, विजेचीं देयकें व कांटापावत्या एकत्र असल्या तरच ते परस्परांशीं बोलतात. दुसरी : उडणाऱ्या अक्षरांच्या पावत्यांचीं छायाचित्रें प्रथम घ्यावींत, आणि तारीख, वजन व दर हे पाठीमागें पेन्सिलीनें उतरावेत. तिसरी : वहीसोबत तिची किल्ली लिहवून घ्यावी. सूत, थाऊ, १६२, ‘मिल उभी’, तांबडी खूण, या प्रत्येकाचा अर्थ वापरणारा मनुष्य जिवंत असतांनाच विचारावा. कोश तो देणार नाहीं. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची : या कागदांतील माणसें जिवंत आहेत. त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आपण घेऊं नयेत. हजेरी व उचल चालकाच्या व कामगारांच्या संमतीनेंच घ्यावी, आणि नांवें असलेला भाग मोहरबंद करून दोन पिढ्या उघडूं नये. कोणाची उचल किती होती हें त्याच्या नातवास इतिहास म्हणून कळावें. त्याच्या शेजाऱ्यास आज कळूं नये. याच कारणानें आम्हीं या लेखांत कोणाचेंहि नांव दिलेलें नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यानें आपलीं चार वर्षांचीं पत्रें, रद्दीवाल्यानें सांगितलेला भाव नाकारून, एका पत्र्याच्या पेटींत भरून ठेविलीं आहेत. जालन्याच्या औद्योगिक क्षेत्रांत अशा शेड पुष्कळ आहेत, व त्यांच्या पेट्या अद्याप रिकाम्या आहेत. भोगवर्धनच्या दात्यांचीं नांवें सांचीच्या दगडावर राहिलीं. मणी घडविणाऱ्यांच्या मागें केवळ मणी राहिले. जालन्याच्या कातारी-जोडाऱ्यांचीं नांवें आज लिहिलेलीं आहेत. तीं ज्या वहींत आहेत ती वही वेळेवर उचलणें, एवढेंच आपल्याकडे काम आहे.